शब्द पाठ होतो, पण लिहिताना पुन्हा चुकतो: घरी शिकणाऱ्या मुलांच्या शुद्धलेखनातील वारंवार उद्भवणाऱ्या अडचणीचे निवारण

घरीच शिकणाऱ्या मुलांचे पालक शुद्धलेखनाविषयी जी तक्रार करतात ती बहुधा अशी असते: शब्दांची यादी दिली, मुलाने ती पाठ केली, श्रुतलेखनात सगळे शब्द बरोबर आले, आणि चार दिवसांनी त्याने स्वतःच्या मनाने अर्धे पान लिहिले तेव्हा तेच शब्द पुन्हा पूर्वीसारखेच चुकले. मग यादी वाढवली जाते, चुकलेला शब्द दहा वेळा लिहून घेतला जातो, थोडे रागावणे होते, आणि पुढच्या आठवड्यात हेच चक्र पुन्हा फिरते. या चक्रात मेहनत कमी पडते असे क्वचितच असते. वेगवेगळ्या कारणांनी झालेल्या चुकांवर एकच उपाय केला जातो, म्हणून तो लागू पडत नाही. ‘पुस्तक’ऐवजी ‘पुस्क’, ‘गुण’ऐवजी ‘गूण’ आणि ‘आणि’ऐवजी ‘आणी’ लिहिणे या तीन चुका वहीत सारख्याच लाल दिसत असल्या, तरी त्यांची मुळे निरनिराळी आहेत, आणि सराव सुरू करण्यापूर्वी ती मुळे वेगळी करणे हे निम्मे काम आहे.

चूक कोणत्या जातीची आहे, हे आधी ठरवावे

मुलाने मनाने लिहिलेली अलीकडची दोन-तीन पाने घ्यावीत. श्रुतलेखनाची वही येथे उपयोगाची नाही, कारण श्रुतलेखनात मुलाचे सगळे लक्ष अक्षरांवर असते आणि काय लिहायचे याचा विचार दुसऱ्याने केलेला असतो. या पानांवर खुणा करू नयेत. चुकलेले शब्द एका वेगळ्या कागदावर मुलाच्या नकळत उतरवून त्यांच्यापुढे योग्य रूप लिहावे आणि प्रत्येक शब्दाला काही प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न असा की, मुलाने लिहिलेला शब्द जसाच्या तसा मोठ्याने वाचला तर तो मूळ शब्दासारखा ऐकू येतो का? ‘गूण’ वाचला तर तो ‘गुण’सारखाच ऐकू येतो; ‘पुस्क’ किंवा ‘कर्म’च्या जागी लिहिलेला ‘क्रम’ मात्र तसा ऐकू येत नाही. दुसरा प्रश्न, हा शब्द प्रत्येक वेळी एकाच प्रकारे चुकतो, की कधी असा आणि कधी तसा? एकाच प्रकारे चुकत असेल तर चुकीचे रूप हाताला पक्के बसलेले आहे. निरनिराळ्या प्रकारे चुकत असेल तर कोणतेच रूप बसलेले नाही. तिसरा प्रश्न मुलालाच विचारायचा असतो. दुसऱ्या दिवशी त्या ओळीवर बोट ठेवून “या ओळीत एक शब्द चुकला आहे, सापडतो का पाहा” एवढेच म्हणावे. त्याने तो शोधून दुरुस्त केला, तर त्याला शब्द येतो, मात्र लिहिताना त्याचे लक्ष दुसरीकडे असते.

या प्रश्नांच्या उत्तरांनुसार कागदावरील शब्द आपोआप गटांत पडतात. बहुतेक मुलांच्या बाबतीत एखादाच गट बराच मोठा निघतो, आणि पुढील काही आठवडे फक्त त्याच गटावर काम करावे. सर्व चुकांवर एकाच वेळी हल्ला करण्याचा मोह घरी शिकवणाऱ्याला फार होतो, कारण समोर एकच मूल असते आणि त्याची प्रत्येक चूक दिसत असते.

वाचल्यावर शब्द वेगळा ऐकू येत असेल तर

येथे शुद्धलेखनाचे नियम सांगून उपयोग नाही. मुलाला शब्दातील ध्वनी सुटे करता येत नाहीत किंवा ते लिपीत कोठे बसतात हे उलगडलेले नाही. देवनागरीत आपण बोलतो त्या क्रमाने नेहमी लिहीत नाही, ही गोष्ट मोठ्यांना इतकी सवयीची झालेली असते की ती मुलाला सांगायची असते याचेच भान राहत नाही. ‘कि’मध्ये ‘क’ आधी उच्चारला जातो, पण पहिली वेलांटी त्याच्या डाव्या बाजूला येते. ‘कर्म’मध्ये ‘र’ हा ‘म’च्या आधी उच्चारला जातो, पण रफार ‘म’च्या डोक्यावर बसतो, ‘क्रम’मध्ये तोच ‘र’ नंतर उच्चारला जातो आणि तिरकी रेघ होऊन ‘क’च्या पायाशी जातो. ‘राष्ट्र’मध्ये त्याचे रूप पुन्हा बदलते. एकच ध्वनी इतक्या ठिकाणी इतकी रूपे घेत असताना ‘धर्म’चा ‘ध्रम’ होणे हा निष्काळजीपणा नव्हे.

यावर मला सर्वांत परिणामकारक वाटलेला उपाय म्हणजे जोडाक्षर पाय मोडून लिहायला लावणे: ‘पुस्तक’ म्हणजे पु, स्, त, क, ‘धर्म’ म्हणजे ध, र्, म. मुलाने आधी शब्द हळू म्हणत प्रत्येक तुकड्याला एक टिचकी द्यावी, मग तुकडे सुटे लिहावेत आणि शेवटी ते जोडून पूर्ण शब्द लिहावा. संगणकावर इन्स्क्रिप्ट हा भारतीय लिपींसाठीचा कळफलक असेल तर काम आणखी सोपे होते, कारण तेथे अक्षरे उच्चाराच्या क्रमाने टंकली जातात. आधी ‘र’, मग हलन्त (पाय मोडण्याची कळ), मग ‘म’ दाबले की ‘र्म’ उमटतो, आणि हाच क्रम ‘म’, हलन्त, ‘र’ असा उलटा केला की ‘म्र’ उमटतो. जे हाताने लिहिताना रफार कोणत्या अक्षरावर द्यायचा याचा घोळ घालते, ते मूल या कळा स्वतः दाबून पाहिल्यावर पुष्कळदा एका बैठकीत सावरते. मात्र शब्द सुचवणारी सोय त्या वेळी बंद ठेवावी. फोनने पूर्ण करून दिलेला शब्द मुलाने लिहिलेला नसतो.

‘दुसऱ्या’, ‘कोपऱ्यात’, ‘वाऱ्याने’ या शब्दांतील ‘ऱ्य’ आणि ‘सूर्य’, ‘कार्य’, ‘धैर्य’ यांतील ‘र्य’ यांची गल्लत हा या गटातला सीमेवरचा प्रकार आहे. त्यासाठी मूळ शब्द विचारावा. ‘दुसरा’, ‘कोपरा’, ‘वारा’ यांत पूर्ण ‘र’ आहे आणि प्रत्यय लागताना त्याला ‘य’ येऊन मिळाला आहे, म्हणून तेथे ‘ऱ्य’ येतो; ‘सूर्य’ आणि ‘कार्य’ हे मुळातच जोडाक्षर असलेले शब्द आहेत. ‘आचाऱ्यांना बोलावले’ आणि ‘आचार्यांना बोलावले’ ही दोन वाक्ये शेजारी लिहून दाखवली की स्वयंपाकघरात कोण जाणार आणि व्यासपीठावर कोण बसणार हे मुले हसत हसत सांगतात, आणि पुढे हा फरक बहुधा विसरत नाहीत.

वाचल्यावर शब्द तसाच ऐकू येत असेल तर

बहुतेक घरांत मोठा गट हाच निघतो, आणि त्यातही ऱ्हस्व-दीर्घाचा. येथे “नीट ऐक आणि लिही” ही सूचना मुलाला उलट चुकीच्या वाटेने नेते. मराठीत शब्दाचा शेवटचा इकार-उकार आपण लांबवून उच्चारतो, आणि शेवटी निभृत (अस्पष्ट उच्चाराचा) ‘अ’ असलेल्या अक्षरापूर्वीचा इकार-उकारही लांबवतो. त्यामुळे ‘गुण’, ‘विष’, ‘मंदिर’ हे शब्द आपल्या तोंडी ‘गूण’, ‘वीष’, ‘मंदीर’ असेच येतात. ‘गूण’ लिहिणाऱ्या मुलाने अचूक ऐकलेले असते; मराठीत आलेला संस्कृत शब्द संस्कृतातल्याप्रमाणे लिहायचा, हा संकेत त्याला ठाऊक नसतो. म्हणून शब्दांचे दोन वर्ग मुलाला उघडपणे सांगावेत: काही शब्द कानाने लिहायचे आणि काही डोळ्यांनी लक्षात ठेवायचे.

कानाने लिहायच्या शब्दांना नियम पुरतात, आणि ते थोडे आहेत. मराठी साहित्य महामंडळाने तयार केलेले चौदा नियम महाराष्ट्र शासनाने १९६२ साली स्वीकारले आणि १९७२ साली त्यांत आणखी चार नियमांची भर पडली; या अठरांपैकी मुलाला सुरुवातीला तीनच लागतात. ते एकदम न शिकवता, एक अंगवळणी पडल्यावरच पुढचा घ्यावा.

पहिला नियम सर्वांत सोपा आणि सर्वांत फलदायी आहे: शब्दाच्या शेवटी दुसरी वेलांटी आणि दुसरा उकार. पाटी, कवी, गती, पैलू, गुरू, वस्तू. हा नियम शिकवल्यावर लगेच दोन नव्या चुका दिसू लागतात आणि पालक घाबरतात. एक म्हणजे ‘आणी’ आणि दुसरी ‘कवीता’. दोन्ही नियम समजल्याच्या खुणा आहेत. ‘आणि’, ‘नि’, ‘परंतु’, ‘तथापि’, ‘अति’ हे मोजके अपवाद एका पट्टीवर लिहून ती लिहिण्याच्या जागी डोळ्यांसमोर लावावी. ‘कविता’मध्ये ‘वि’ हे अक्षर शेवटी राहिलेलेच नाही, एवढे दाखवले की पुरते. सामासिक शब्दांची गोष्ट थोडी पुढची आहे: ‘कवीने’, ‘गुरूला’ असे प्रत्यय लागले तर दीर्घ कायम राहते, पण ‘कविसंमेलन’, ‘गुरुजन’ अशा समासात मूळ संस्कृत ऱ्हस्व परत येते. दहा-अकरा वर्षांखालील मुलासाठी हे बाजूला ठेवावे, असे माझे मत आहे.

दुसरा नियम शेवटून दुसऱ्या अक्षराचा. शेवटचे अक्षर अकारान्त असेल तर त्याच्या आधीचा इकार-उकार दीर्घ: फूल, वीज, ऊन, गरीब, बहीण, कठीण. शेवटचे अक्षर दीर्घ स्वराचे असेल तर आधीचा ऱ्हस्व: दिवा, किडा, सुरी, महिना, पाहिजे. तिसरा नियम यातूनच निघतो, आणि ‘त्याला फूल येते, पण फुलात चुकते’ या प्रकारच्या तक्रारींचे उत्तर त्यात आहे. प्रत्यय लागला की मूळचे दीर्घ ऱ्हस्व होते: फूल–फुलात, वीज–विजेचा, ऊन–उन्हात, गरीब–गरिबाला, बहीण–बहिणीने. शब्द तीन अक्षरी असून पहिले अक्षर दीर्घ असेल तर मधला दीर्घ इकार-उकार पूर्ण नाहीसाच होतो: लाकूड–लाकडाला, बेरीज–बेरजेत. पाठ करण्याच्या याद्यांत शब्द नेहमी सुटे असतात आणि वाक्यात ते बहुधा प्रत्ययासह येतात, म्हणून यादी बरोबर आणि वाक्य चूक असे होते. त्यामुळे यादी द्यायचीच असेल तर ‘फूल, फुलात’ अशी जोडीने द्यावी. नियम म्हणायला लावण्यापेक्षा मुलाने मूळ शब्द ओळखून त्याला ‘ला’, ‘ने’, ‘त’ लावत जाण्याचा खेळ अधिक काम करतो.

डोळ्यांनी लक्षात ठेवायच्या संस्कृत शब्दांना वरीलपैकी पहिला नियम लागतो, पण दुसरा आणि तिसरा लागत नाहीत: ‘शरीर’चे ‘शरीरात’च राहते, ‘सूत्र’चे ‘सूत्राने’, आणि ‘परीक्षा’, ‘पूजा’, ‘क्रीडा’ यांत शेवटी ‘आ’ असूनही आधीचे अक्षर दीर्घ आहे. पण हे शब्द एकेकटे पाठ करण्याची गरज नाही, कारण ते कुटुंबाने राहतात. ‘इक’ लागलेले शब्द ऱ्हस्व असतात: सामाजिक, वार्षिक, स्थानिक, मासिक. ‘ईय’ आणि ‘नीय’ लागलेले दीर्घ: भारतीय, राष्ट्रीय, माननीय. ‘करण’पूर्वी दीर्घ: स्पष्टीकरण, एकत्रीकरण. ‘परिसर’, ‘परिणाम’, ‘परिचय’ यांत ‘परि’ हा उपसर्ग ऱ्हस्व आहे. ‘परीक्षा’मध्ये तोच उपसर्ग ‘ईक्षा’ या शब्दाला मिळाल्याने दोन इकारांचा मिळून दीर्घ झाला आहे, आणि ‘समीक्षा’, ‘निरीक्षण’, ‘प्रतीक्षा’ यांतही तीच ‘ईक्षा’ आहे. त्वप्रत्ययाचेही असेच: ‘महत्’ला ‘त्व’ लागून ‘महत्त्व’ होतो म्हणून तेथे त दोनदा, आणि ‘नेतृ’ला लागून ‘नेतृत्व’ होतो म्हणून तेथे एकदाच. आठवड्याला एक कुटुंब घेतले तरी वर्षभरात पुष्कळ शब्द मार्गी लागतात.

पोटफोड्या ‘ष’ची चूक यापेक्षा लवकर आवरते. ट, ठ आणि ण यांना जोडून येताना बहुधा तोच असतो: कष्ट, निष्ठा, कृष्ण.

चुकीचे रूप बाहेरून येत असेल तर

काही मुलांच्या चुका विलक्षण सुसंगत असतात. मुलगी सातत्याने ‘व्यक्ति’, ‘शांति’, ‘वस्तु’ आणि ‘त्याने सांगितले कि’ असे लिहीत असेल तर ती हिंदी वाचत असण्याची शक्यता मोठी आहे, कारण ही सर्व रूपे हिंदीत बरोबर आहेत. तिला चूक म्हणून न सांगता दोन भाषांचे दोन रकाने करून द्यावेत. मराठीत ‘की’ नेहमी दीर्घ, एवढे एकच वाक्य तिच्या वहीतल्या अनेक लाल खुणा कमी करते. मूल ‘नाहीं’, ‘कांहीं’, ‘घरांत’, ‘पांच’ असे अनुस्वार देत असेल तर घरातील जुनी पुस्तके पाहावीत. १९६२ पूर्वी छापलेल्या पुस्तकांत असे अनुच्चारित अनुस्वार देण्याची पद्धत होती, आणि घरी शिकणारी मुले जुन्या पुस्तकांत इतरांपेक्षा जास्त रमतात. पुस्तके काढून घेऊ नयेत. प्रकाशनाचे वर्ष पाहायला शिकवावे. ‘घरांत’ हे अनेकवचनी रूप म्हणून आजही बरोबर आहे, हे मात्र त्याच वेळी सांगावे, नाहीतर ‘सर्व घरांत’मधला अनुस्वारही जाईल.

शब्द येतो, तरी लिहिताना चुकतो

तिसऱ्या प्रश्नाला ज्याने बरोबर उत्तर दिले, त्या मुलाला आणखी शब्द शिकवणे व्यर्थ आहे. वाक्य रचणे, पुढचा विचार धरून ठेवणे आणि अक्षर वळवणे ही तिन्ही कामे चालू असताना चौथ्यासाठी त्याच्याकडे जागा उरत नाही. लेखन आणि दुरुस्ती या दोन गोष्टी दोन वेगळ्या दिवशी ठेवाव्यात, आणि पहिल्या दिवशी पालकाने एकही चूक दाखवू नये. हे पाळणे अवघड जाते, कारण घरी आई किंवा वडील शेजारीच बसलेले असतात आणि चूक होताच ती सांगितली जाते. असे सतत झाल्यास हुशार मूल एक सोपा मार्ग शोधते: ते खात्रीचे शब्दच वापरू लागते. वही शुद्ध दिसते आणि वाक्ये तीन शब्दांवर येतात.

दुरुस्तीच्या दिवशी मुलाने एका फेरीत एकाच गोष्टीचा शोध घ्यावा. एका फेरीत फक्त शेवटच्या वेलांट्या पाहाव्यात, दुसऱ्या फेरीत फक्त अनुस्वार. शेवटच्या शब्दापासून उलट दिशेने वाचले तर अर्थ मध्ये येत नाही आणि डोळा अक्षरांवर टिकतो. पालकाने ओळीच्या कडेला फक्त एक टिंब द्यावे. शब्द मुलाने शोधावा.

एकाच प्रकारे पक्क्या चुकलेल्या शब्दांसाठी

येथे सराव लागतो, पण दहा वेळा लिहिण्याचा नव्हे. दुसऱ्या ओळीपासून हात वरची ओळ पाहून चालतो, स्मरणाला काही कामच राहत नाही, आणि पहिली ओळ चुकली असेल तर दहाही चुकतात. त्याऐवजी मुलाने शब्द पाहावा, त्यातील फसवी जागा स्वतः दाखवावी, शब्द झाकावा, आठवून एकदाच लिहावा आणि लगेच ताडून पाहावा. मग तोच शब्द दुसऱ्या दिवशी, नंतर तीन-चार दिवसांनी आणि पुढे आठवड्याने विचारावा. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ साली प्रसिद्ध केलेल्या स्मृतीविषयक प्रयोगांतच असे दिसले होते की, एकाच बैठकीत केलेल्या आवृत्तींपेक्षा काळाच्या अंतराने केलेल्या आवृत्ती अधिक टिकतात. एका वेळी पाच-सहा शब्दांहून अधिक घेऊ नयेत. ‘योग्य पर्याय निवडा’ हा प्रकार या शब्दांपुरता टाळावा. ज्याला चुकीचे रूपच ओळखीचे वाटते त्याला ते पुन्हा छापून दाखवण्यात शहाणपण नाही.

एखादा शब्द सुटला असे केव्हा म्हणावे? श्रुतलेखनात आला म्हणून नव्हे. मनाने लिहिलेल्या मजकुरात, न सांगता, निरनिराळ्या दिवशी दोन-तीनदा बरोबर आला की तो यादीतून काढावा.

इतके करूनही फरक पडत नसेल तर

आधी डोळे आणि कान तपासून घ्यावेत. वारंवार सर्दी होऊन कानात द्रव साठणाऱ्या मुलाला ऐकू कमी येते आणि ‘क-ख’, ‘ग-घ’, ‘स-श’ यांतील फरक निसटतात. घरी मोठ्याने बोलले जात असल्याने ते लक्षात येत नाही. तपासणीत काही निघाले नाही, आणि लेखनाबरोबर वाचनही अडखळत व वयाच्या मानाने फारच संथ असेल, पहिल्या गटातील, म्हणजे वाचल्यावर शब्द वेगळा ऐकू येणाऱ्या, चुका महिनोन्‌महिने तशाच राहत असतील, किंवा कुटुंबात कोणाला अशीच अडचण असेल, तर डिस्लेक्सियाचा (वाचन-लेखन शिकण्यातील विशिष्ट अडचणीचा) विचार करून मानसशास्त्रज्ञाकडून रीतसर मूल्यमापन करून घ्यावे. डिस्लेक्सियाचा बुद्धीशी संबंध नसतो. वाचून दाखवल्यावर सर्व समजणारे आणि तोंडी उत्तम सांगणारे मूल लिहिताना मात्र कोलमडते, ही विसंगतीच त्याची खूण असू शकते. वाचन सुरळीत असून फक्त हाताने लिहिणेच कष्टाचे असेल तर तेही मूल्यमापन करणाऱ्यास आवर्जून सांगावे, कारण तेव्हा शोध लेखनक्रियेतील अडचणीचा घ्यावा लागतो.

मूल्यमापनाची वाट पाहत असताना इतिहास, विज्ञान आणि गणिताची उत्तरे तोंडी किंवा टंकून घ्यावीत आणि त्यांतील शुद्धलेखन तपासू नये. शुद्धलेखनासाठी दिवसातून एकच छोटी वेळ ठेवावी, आणि ती वरील पहिल्या गटाच्या कामालाच द्यावी.